तंबूखान्यातली चार नावं

आमच्या तंबूखान्यात आम्ही नऊ जण होतो, आणि त्यातल्या चौघांचीच गरज आहे असं दोन हजार वीसच्या मार्चमध्ये ठरलं. कोणी ठरवलं हे सांगायला गेलं तर गोष्ट सोल आणि वॉशिंग्टनपर्यंत जाते. पण ती चार नावं कागदावर लिहिली ग्वाक बोंग-इम या बाईनं, आणि पहिलं नाव तिनं स्वतःचं लिहिलं. माझं नाव त्या कागदावर नव्हतं. त्यामुळे मी हे तटस्थपणे सांगतोय असं मी म्हणणार नाही.

बोंग-इमताई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. प्योंगतेकच्या अमेरिकी तळावर ती पस्तीस वर्षं तंबू शिवत होती. युद्धसरावाहून आलेले फाटके, उसवलेले, बुरसटलेले तंबू आमच्याकडे यायचे. आम्ही ते उलगडायचो, वाळवायचो, ठिगळं लावायचो, मोडके सांगाडे जोडायचो, घडी घालून परत पाठवायचो. सांगाड्यांचं काम माझं, कापडाचं तिचं. तंबू उघडल्या उघडल्या नुसत्या वासावरून ती सांगायची की हा समुद्रकाठी उभा होता की डोंगरात. इंग्रजी ती चिठ्ठ्यांवरून शिकली होती. प्रत्येक तंबूला एक चिठ्ठी लागे, ‘सर्व्हिसेबल’ नाही तर ‘अनसर्व्हिसेबल’. हे दोन शब्द तिच्या बोलण्यात इतके मुरले होते की बाजारातल्या कलिंगडाला आणि लोकांच्या जावयांनाही ती तेच लावायची. माझी बायको रान-ही तिला पहिल्यांदा भेटली, तेव्हा ताईनं तिला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाली, “हो-जिन, ही सर्व्हिसेबल आहे. तुझंच बघ.”

तिचे वडील कोरियाच्या युद्धात हमाल होते. पाठीवर लाकडी चौकट बांधून अमेरिकी तोफांचे गोळे डोंगरावर चढवणारी माणसं तेव्हा हजारोंनी होती. त्यांना ना गणवेश होता ना नंतर कुठला कागद मिळाला. ते सांगायचे, अमेरिकी पोरं मनानं चांगली, खाऊ द्यायची. पण रिकाम्या पाठीनं उतरताना गुडघे जास्त दुखतात हे त्यांना कळायचं नाही, ती पोरं हसायची. युद्ध संपल्यावर वडील गावी आले आणि गावकऱ्यांबरोबर खाडीच्या चिखलाला बांध घालून त्यांनी शेत केलं. मीठ धुऊन निघायला वर्षं गेली. ते शेत पुढे ताईच्या थोरल्या भावाकडे, दोंग-ग्युकडे आलं.

आणि मग तळ मोठा करायचं ठरलं. देशभर विखुरलेले अमेरिकी सैनिक प्योंगतेकला एकत्र आणायचे, जमीन आपल्या सरकारनं द्यायची, असा करार झाला. सरकारनं दिली ती जमीन दोंग-ग्युची होती. गावानं दोन-तीन वर्षं तग धरला. शेवटी दोन हजार सहाच्या मेमध्ये पोलीस आले, काटेरी तार आली, आणि पुढच्या वर्षी दोंग-ग्यु मोबदला घेऊन सोसानकडे निघून गेला. जाताना तो बहिणीच्या घरासमोर ट्रक थांबवून उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, “तू त्यांचे तंबू शीव. मी आता तुझ्या दारात यायचा नाही.” तो खरंच आला नाही. नव्या तळावर आमची शेड बांधली गेली, तेव्हा ताईला वाटायचं की ती दादाच्या खालच्या खाचरावरच आहे. पण खात्री कोणी द्यायची? ओढा, बांध, सगळं भराव टाकून सपाट केलेलं होतं.

हे सगळं ती क्वचित बोलायची. नवरा लवकर गेला होता, मुलगी बुसानला नांदत होती. सकाळी सहाच्या बसनं ताई तळाच्या फाटकाशी पोचायची, आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी निघायची.

तर त्या वर्षीची भानगड अशी होती. अमेरिकी सैन्य इथं राहतं त्याच्या खर्चाचा एक वाटा आपलं सरकार देतं. तो किती, यावर दर काही वर्षांनी बोलणी होतात. त्या वेळी अमेरिकेनं एकदम पाचपट मागितले. आपल्या लोकांनी होकार दिला नाही. जुना करार संपला, नवा होईना. आणि आमचे पगार बहुतेक त्याच वाट्यातून निघत.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की तोच विषय असे. आमच्यात पिल-दो नावाचा एक होता, जड शिवणयंत्र चालवणारा, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, “नवरा-बायकोचं घरखर्चावरून वाजलंय, आणि दोघांनी मिळून मोलकरणीला काढलंय.” सगळे हसले. मग कोणीतरी विचारलं की पण पैसे आपल्याच सरकारचे ना, मग काढणारे ते कोण? त्यावर पिल-दो म्हणाला, “मोलकरीण नवऱ्याची, पगार बायकोचा. समजलं का? नाही ना? मलाही नाही.”

पत्रं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली. तुमची सेवा अमोल आहे अशी सुरुवात, आणि एक एप्रिलपासून बिनपगारी घरी बसा असा शेवट. जीव, आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी ज्यांच्यावाचून चालणार नाही, तेवढीच माणसं ठेवायची होती. तळावरच्या साधारण निम्म्या कोरियन लोकांवर हे आलं. करोना नुकताच पसरत होता. फाटकापाशी तपासणीला आणि दवाखान्यामागे रोग्यांना वेगळं ठेवायला तंबूच तंबू हवे होते, म्हणून आमच्या नऊ जणांतले चार ठेवायची परवानगी मिळाली.

आमचे साहेब होते हॅर्लन. ओहायोचे, साठीला आलेले, स्वभावानं सरळ. त्यांनी ताईला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं की चार नावं द्यायचीत. मी दिली तर कागद बघून देईन, तू दिलीस तर माणसं बघून देशील.

ताईनं एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं चार नावं दिली. ती स्वतः, पिल-दो, आणि दवाखान्याच्या तंबूंचं काम पूर्वी केलेल्या दोघी जणी. माझा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता आणि घराचे हप्ते चालू होते. हे तिला माहीत होतं. कपाटातले माझे हातमोजे आणि चहाचा पेला पिशवीत भरला, आणि तिच्या यंत्रापाशी न थांबता बाहेर पडलो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या दाराशी पाकीट आलं. ताईनं चौघांचं ठरवून टाकलं होतं की प्रत्येकानं पगाराचा तिसरा हिस्सा काढायचा आणि घरी बसलेल्या पाच जणांना सारखा वाटायचा. तिनं स्वतः अर्धा काढला होता. पाकिटं घेऊन ती तोंडाला मास्क लावून घरोघर फिरली. मी दार उघडलं तेव्हा ती पायऱ्या चढून दमली होती.

मी म्हणालो, “ताई, हे कशाला?”

“घे. मुलाला दूध लागतं.”

“तुम्ही नाव लिहिलं असतं तर मुलाचं दूध मीच आणलं असतं.”

तिनं पाकीट पायरीवर ठेवलं आणि खाली उतरली. मी ते तिथंच ठेवणार होतो. रान-हीनं येऊन उचललं आणि मला म्हणाली की तुझा मान तू खा, पोराला तो पचत नाही.

दोन आठवडे असेच गेले. मी नोकरी शोधली, पण त्या दिवसांत कोण कुणाला ठेवतो? आमच्यातले काही जण फाटकासमोर फलक घेऊन उभे राहिले. युनियनचे लोक तर म्हणाले की पगार नको पण काम करू द्या. तेही मान्य झालं नाही. बिनपगारी काम करू देणं नियमात बसत नव्हतं. आणि तिकडे तंबूखान्यात चौघं मिळून नऊ जणांच्या दीडपट काम करत होती. ताईचा उजवा खांदा त्याच दिवसांत धरला. जाड ताडपत्री ओढून यंत्राखाली सरकवायला मी किंवा दुसरा कोणी असे. आता ती एकटी ओढत होती.

एप्रिलअखेर पिल-दोनं पैसे द्यायचे बंद केले. त्याचं म्हणणं सरळ होतं. काम मी करतो, रोग्यांच्या तंबूंत हात मी घालतो, आणि घरी बसलेल्यांना मी का पोसू? ताई त्याला खूप बोलली. तो म्हणाला की तुम्ही अर्धा देता ते तुमच्या हौसेनं. तुमच्या हौसेचा दर मला लावू नका.

त्याच आठवड्यात हॅर्लन साहेब आणि तिच्यात एक बोलणं झालं. ते तिनं मला पुढे केव्हातरी सांगितलं. साहेब संध्याकाळी शेडमध्ये आले. चार माणसांच्या हातून निघालेले तंबू रचून ठेवले होते. ते त्यांनी पाहिले आणि तिथंच एका गठ्ठ्यावर बसले. म्हणाले, “माझ्या गावचा पूल दोन वर्षं बंद आहे. दुरुस्तीला पैसे नाहीत. लोक दहा मैलांचा वळसा घालतात. माझा भाऊ फोनवर विचारतो, तू तिकडे कोणाचं छप्पर शिवतोयस, आणि ते का? मला त्याला नीट सांगता येत नाही.”

ताई म्हणाली, “साहेब, भाऊ मलाही आहे.”

आणि मग तिनं त्यांना वडिलांच्या पाठीवरच्या चौकटीपासून ते खालच्या खाचरापर्यंत सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांवरच्या इंग्रजीत ते कसं सांगितलं असेल कोण जाणे. साहेब ऐकत राहिले. त्यांना ते खाचर माहीत नव्हतं. ज्या शेडमध्ये ते चार वर्षं काम करत होते तिथं भात होत होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ते म्हणाले, “मग तुझ्या मते कोणी किती द्यावं?”

“ते मला कळत नाही. मी काही मंत्री नाही. पण ज्याला न विचारता घेतलं, त्याचं कोणी मोजत नाही. दादाचं कोणी मोजलं नाही. तो गुर्मीत आहे असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्याला फक्त कोणी विचारलं नाही.”

हे तोंडातून गेलं, आणि बसमध्ये बसल्यावर तिला स्वतःचं आठवलं. आम्हा पाच जणांना तिनंही विचारलं नव्हतं. कामावरच्या बाकी तिघांनाही विचारलं नव्हतं. नावं तिनं ठरवली, हिस्सा तिनं ठरवला, वाटणी तिनं ठरवली, आणि वर पिल-दोला स्वार्थी म्हटलं.

रविवारी तिनं आम्हा आठही जणांना आनसोंग ओढ्याच्या काठावर बोलावलं. मी जाणार नव्हतो. रान-ही म्हणाली की जा, निदान तोंडावर बोलून ये. चटया अंतरा-अंतरावर टाकल्या होत्या. ताईनं किंबापचे, भाताच्या गुंडाळ्यांचे, डबे आणले होते, बार्लीचा चहा आणला होता. सगळे बसल्यावर ती उभी राहिली, आणि म्हणाली की मी चुकले. नावांबद्दल नाही, ती मी परत तीच लिहीन. पण कोणाला काय लागतं आणि कोण काय देऊ शकतो हे मी विचारायला हवं होतं. आता विचारते.

मीच आधी तोंड उघडलं.

“तुमचं नाव पहिलं का, ते आधी सांगा.”

“कारण दवाखान्याच्या तंबूची दुहेरी शिवण माझ्या हाताइतकी कोणाची बसत नाही. पाणी आत गेलं तर माणूस मरेल.”

ते खरं होतं. मला आवडलं नाही, पण खरं होतं.

मग एकेक जण बोलू लागला, आणि ज्या गोष्टी आम्हाला एकमेकांच्या शेजारी वर्षानुवर्षं काम करून ठाऊक नव्हत्या त्या निघाल्या. घरी बसलेल्यांपैकी एक बाई म्हणाली की तिला पैसे नकोतच, नवरा कमावतो. पाकीट घ्यायची लाज वाटायची, पण परत कसं करायचं हे कळेना. दुसऱ्याचं भाडं दोन महिन्यांचं थकलं होतं आणि त्याला सारख्या वाट्यातून काही पुरत नव्हतं. पिल-दो खाली मान घालून बराच वेळ गवत उपटत होता. शेवटी म्हणाला की त्याची आई वृद्धाश्रमात आहे, तिथली फी त्याच्या एकट्याच्या पगारावर चालते, आणि त्याची बायको वर्षापूर्वीच वेगळी राहायला गेली आहे. हे आमच्यातल्या कोणाला माहीत नव्हतं. ताईलाही नाही.

ताई म्हणाली, “अरे, मग बोलायचं नाही का?”

“तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही हात पुढे केला.”

ती त्याच्यापुढे वाकली. आमच्याकडे मोठ्यांनी लहानांपुढे असं वाकायची रीत नाही. पिल-दो गडबडून उठून उभा राहिला आणि दुप्पट वाकला.

त्या दिवशी नवीन ठरलं. पिल-दो पैसे देणार नाही, पण त्याच्याकडे छोटा ट्रक होता. शनिवारी तो ज्याला लागेल त्याला देईल, त्यावर सामान पोचवायची कामं मिळत होती. भाडं थकलेल्याला जास्त, नको म्हणणाऱ्या बाईला काही नाही. ताई अर्ध्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर आली. ते तिला बाकीच्यांनी करायला लावलं. अर्धा पगार देणारा माणूस समोर असला की बाकीच्यांना आपण चोर वाटतो, असं दवाखान्याच्या तंबूंवरच्या दोघींपैकी एकीनं स्पष्ट सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो की मला पाकीट नको, काम हवं.

ताई ओढ्याकडे बघत म्हणाली, “चिखलात उतरशील?”

तिनं तेरा वर्षांनी भावाला फोन केला. त्याचा नंबर तिच्याकडे होता, मुलीकडून घेतलेला, फक्त कधी लावला नव्हता. लावणीच्या दिवसांत परदेशी मजूर यायचे ते करोनामुळे त्या वर्षी आले नव्हते, हे तिनं बातम्यांत पाहिलं होतं. ती म्हणाली, “दादा, माझ्याकडे दोन माणसं आहेत. धट्टीकट्टी आहेत.” पलीकडून तो म्हणाला, “तळावरची?” ती म्हणाली, “हो, तळावरची. पण आता तळानं घरी बसवलेली.” त्यानं विचारलं की मजुरी किती मागतात. एवढंच बोलणं झालं.

मेच्या मध्यावर मी आणि भाडं थकलेला तो सोबती सोसानला गेलो. दोंग-ग्यु सत्तरीला टेकला होता, उन्हानं काळा पडलेला, कमी बोलणारा. लावणी यंत्रानं व्हायची, पण रोपांची तबकं उचलून यंत्रावर चढवायला आणि यंत्र पोचत नाही ते कोपरे हातानं भरायला माणूस लागे. पहिल्या दिवशी तो माझ्याशी फक्त ‘इथं’ आणि ‘तिथं’ एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी बांधावर जेवायला बसलो, तेव्हा त्यानं माझ्या वाटीत माकगल्ली, तांदळाची घरगुती दारू, ओतली आणि विचारलं की तुम्हाला काढलं तेव्हा कोणी येऊन सांगितलं का.

मी म्हणालो, “पत्र आलं.”

“आम्हालाही पत्रच आलं होतं,” तो म्हणाला. “चांगल्या कागदावर.”

मग हळूहळू तो बोलू लागला. मला वाटलं होतं हा अमेरिकेच्या नावानं शिव्या देईल. तसं झालं नाही. तो म्हणाला की उत्तरेकडून टँक आले तेव्हा त्याची आई त्याला पोटात घेऊन पळाली होती, कोणीतरी राखायला हवं हे त्याला कळतं. देशानं वाटा द्यावा हेही कळतं. “पण बघ, सोलमध्ये ज्यानं सही केली त्याची बिछान्यावरची चादरसुद्धा हलली नाही. देशानं दिली म्हणतात. देश म्हणजे कोण? देश म्हणजे त्या वेळी मी एकटाच होतो.”

मी विचारलं, की मग ताईवर राग का? तिनं तर सही केली नव्हती.

त्यानं वाटीतली उरलेली माकगल्ली बांधावर ओतली. “ती हाताशी होती,” तो म्हणाला. “सरकारवर रागवायला सोलला जावं लागतं.”

आम्ही तिथं अकरा दिवस राहिलो. निघताना त्यानं मजुरी चोख दिली, आणि तांदळाचं एक पोतं माझ्या खांद्यावर टाकलं. म्हणाला की तिच्याकडे टाक. काय निरोप सांगू असं विचारलं तर म्हणाला, “तांदळाला निरोप कशाला लागतो?”

मी पोतं पोचवलं तेव्हा ताई खांद्याला शेक घेत बसली होती. तिनं पोत्याची शिवण सोडली, मूठभर तांदूळ तळहातावर घेतले, नखानं एक दाणा मोडून पाहिला. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “पाणी कमी पडलंय. तिकडची जमीन हलकी आहे,” आणि उठून भात लावायला गेली. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

जूनमध्ये अचानक मिटलं. आमचे पगार तेवढे आपल्या सरकारनं भरायचे, बाकीची बोलणी पुढे चालू ठेवायची, असं ठरलं. पंधरा जूनला आम्ही पाचही जण कामावर परतलो. अडीच महिने झाले होते. फाटकाशी पहाऱ्यावरच्या एका अमेरिकी पोरानं माझा पास बघून ‘वेलकम बॅक’ म्हटलं, आणि मला त्याच्यावर रागवावं की हसावं ते समजेना. तो वीस वर्षांचा असेल. त्यालाही कोणी काही विचारलं नसणार.

पुढच्या वर्षी करार झाला. पाचपट झाले नाहीत, पण आपला वाटा बराच वाढला. वर्तमानपत्रात दोन्ही बाजूंच्या लोकांचे हसरे फोटो होते. पगार अडकू नये म्हणून त्यात काही कलमंही घातल्याचं युनियननं सांगितलं. ते वाचून पिल-दो म्हणाला की नवरा-बायकोनं मोलकरणीची आठवण ठेवली, उपकार झाले.

पाकिटातले पैसे ताईला परत द्यायचे आम्ही ठरवलं होतं. तिनं घेतले नाहीत, आणि त्यावरून थोडी बाचाबाचीही झाली. शेवटी दवाखान्याच्या तंबूंवरच्या त्या दोघींनी त्यांचे परत घेतले, कारण त्यांना गरज होती, आणि ताईला त्यात काही वावगं वाटलं नाही. हॅर्लन साहेब त्याच हिवाळ्यात निवृत्त होऊन गावी गेले. जाण्याआधी त्यांनी एकदा जुना नकाशा मिळवला, तळ व्हायच्या आधीचा, आणि ताईला घेऊन शेडच्या मागे बराच वेळ उभे राहिले. खाचर नक्की कुठे होतं ते दोघांनाही ठरवता आलं नाही.

ताईचा खांदा मात्र सुधारला नाही. डॉक्टरांनी जड कापड ओढायला बंदी केली. साठाव्या वर्षी ती निवृत्त झाली. त्या वर्षीच्या चुसोकला, पूर्वजांच्या सणाला, ती सोसानला गेली. दोंग-ग्युनं तिला दारात घेतलं, पण गोडीगुलाबी झाली असं समजू नका. वडिलांच्या कबरीवरचं गवत कापतानाच दोघं तळावरून भांडली, आणि पुढच्या वर्षीही भांडली. दादा म्हणतो तळ नको होता. ताई म्हणते तळ हवा होता, पण असा नको होता. दोघांचं जेवणाच्या वेळेपर्यंत चालतं. मग वहिनी ताटं मांडते.

मी आता तंबूखान्यातला सगळ्यात जुना माणूस आहे. मधूनमधून परत बोलणी सुरू होतात, परत आकडे ऐकू येतात, आणि नवीन पोरं माझ्याकडे बघतात. अशा वेळी मी ताईकडे जातो. मागच्या हेमंतात गेलो तेव्हा ती अंगणात किमचीसाठी कोबीचे गड्डे चिरत होती, डाव्या हातानं. मी सुरी तिच्या हातातून घेतली आणि चिरायला बसलो.

इतक्या वर्षांत मी तिला परत कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. म्हटलं, “ताई, पुन्हा तशी वेळ आली आणि मला नावं लिहायला सांगितली, तर? तुम्ही स्वतःचं पहिलं लिहिलं ते बरोबर होतं ना?”

तिनं पुढच्या गड्ड्याला मीठ चोळलं.

“दुहेरी शिवणीचं खरं होतं,” ती म्हणाली. “तेव्हा ओढ्यावर सांगितलं ते खोटं नव्हतं. पण घरी एकटीनं बसायची मला भीती वाटत होती. ते पण होतं. ते मी सांगितलं नाही.”

“सांगितलं असतं तर?”

“तर तू आणखी चिडला असतास. पण लवकर निवळला असतास.” तिनं माझ्यापुढे आणखी दोन गड्डे सरकवले. “बारीक चिरू नकोस. मुळाशी फक्त चीर दे, आणि हातानं फाड.”

मी मुळाशी चीर दिली आणि हातानं फाडला. संध्याकाळपर्यंत चाळीस गड्डे झाले. निघताना तिनं एक डबा मला दिला, एक पिल-दोसाठी दिला, आणि म्हणाली की त्याला विचार, त्याच्या आईला तिखट चालतं का, नाहीतर पुढच्या खेपेला कमी घालते.